खोलगट बाजूचा पारा

१२ सप्टेंबर १९९६, गुरुवार, सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावरच्या आलेखात प्रत्येक धातूचे एक शिखर उठते; डावीकडे तांब्याचे उंच शिखर होते, उजवीकडे शिशाचे ठेंगणे, आणि या दोहोंच्या मध्ये, जिथे सपाट जागा असायला हवी होती, तिथे पाऱ्याचे शिखर उभे होते. मी नाणे बाहेर काढले, चिमट्याची टोके स्पिरिटने पुसली, नाणे पुन्हा ठेवले. शिखर तिथेच. नाणे उलटे केले, फुगीर बाजू किरणांकडे केली. शिखर नाहीसे झाले. पुन्हा खोलगट बाजू, पुन्हा पारा.

नाणे बायझंटाइन साम्राज्याच्या उतरत्या काळातले, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातले, तांब्याचे. त्या काळातली तांब्याची नाणी साम्राज्यासारखीच आहेत: पातळ, कडा फाटलेली, एकाचे वजन दुसऱ्याशी न जुळणारी. त्यातली बरीच बशीसारखी खोलगट आहेत. ती तशी का पाडत, याचे माझे समाधान होईल असे उत्तर मला कोणी दिलेले नाही. फुगीर बाजूवर ख्रिस्त किंवा त्याची आई, आतल्या खोलगट बाजूवर सम्राट. वक्र पृष्ठावर एका घावात पूर्ण ठसा उठत नाही, म्हणून बहुधा दोन घाव घालत. दुसरा घाव सरकला की सम्राटाला दीड नाक येई. त्याआधीच्या शतकात अशाच नाण्यांत थोडी चांदी मिसळत. पुढे ती कमी होत होत जवळजवळ संपली, आणि उरले ते तांबे.

अशा नाण्यावर पारा सापडण्याला एक सुंदर कारण असू शकत होते. चांदी पाऱ्यात विरघळवायची, तो लगदा तांब्यावर चोळायचा, तापवून पारा उडवून द्यायचा, म्हणजे वर चांदीचा झिरझिरीत थर राहतो आणि त्यात पाऱ्याचा अंश. कृती प्राचीन आहे, पण या नाण्यांवर ती कोणी दाखवल्याचे माझ्या वाचनात नव्हते. रिकाम्या खजिन्याचे साम्राज्य तांब्याला चांदीचा मुलामा देऊन लोकांच्या हाती ठेवत होते, हे जर मला सिद्ध करता आले, तर तो निष्कर्ष माझा असणार होता.

माझे काय पणाला लागले होते ते इथेच सांगून टाकते. मी नागपूरहून धातुशास्त्राची पदवी घेऊन शिकागोजवळच्या एका विद्यापीठात डॉक्टरेट करत होते. माझ्या गाइडनी, ते अमेरिकन आणि स्पष्टवक्ते, मला उन्हाळ्यातच सांगितले होते की वसंतातल्या परिषदेपर्यंत नाण्यांमधून स्वतःचा म्हणावा असा एक निष्कर्ष काढून दाखव. नाही तर टर्बाइनच्या पात्यांवरच्या लेपांच्या गटात ये, तिथे अनुदान आहे आणि पुढे नोकऱ्याही आहेत. ते दुष्टपणाने बोलत नव्हते, आणि म्हणूनच त्यांच्याशी भांडता येत नव्हते. पात्यांच्या गटात माझ्यासारखे सात जण होते. नाण्यांवर मी एकटी होते.

नाणी मिळवणे हेच मुळात कठीण. संग्रहालयाने त्यांच्याकडची दाखवली, पण ती केव्हातरी रसायनात बुडवून, घासून लख्ख केलेली. मूळ पृष्ठभाग असा त्यांच्यावर उरलाच नव्हता. नाणे कापून त्याचा छेद पाहू द्या, ही विनंती तर त्यांनी मी वाक्य पूर्ण करण्याआधीच नाकारली. व्यापाऱ्यांकडून पुडक्याने मिळणारी नाणी मी विकत घेतली, तीही घासलेलीच. मला हवे होते असे नाणे, ज्याला जमिनीतून निघाल्यापासून कोणी हात लावलेला नाही.

ते मला नेपरव्हिल या शिकागोच्या उपनगरात मिळाले, किंवा मिळाले असे मला वाटले. तिथल्या वाचनालयात नाणी जमवणाऱ्या हौशी मंडळींची महिन्यातून एक बैठक भरे. त्यांनी मला बोलायला बोलावले. भाषण संपल्यावर माझा स्लाइडचा डबा हातातून निसटला आणि पुढच्या रांगेतले एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ गुडघे टेकून स्लाइड गोळा करू लागले.

“मराठी ना?” त्यांनी वर न बघता विचारले. आडनावावरून ताडले असणार.

“राहू द्या ना काका, कायले त्रास करून राहिले,” मी गडबडीत म्हणाले.

“नागपूर!” त्यांनी एखाद्या रोगाचे निदान करावे तसे जाहीर केले. “मी पुणे. सर्जन होतो, आता रिटायर्ड आहे. आणि माझ्याकडे तुझे हे वेफर्स आहेत. अनटच्ड. येऊन बघ.”

त्यांना मी काकाच म्हणत राहिले. खोलगट नाण्यांना ते वेफर्स म्हणत, आणि साम्राज्याच्या शेवटच्या दोन शतकांना ‘आयसीयूमधला काळ’. काकू मुंबईच्या, भूलतज्ज्ञ. त्याही नुकत्याच निवृत्त झालेल्या. काकांचे कौतुक चालू झाले की त्या स्वयंपाकघरातून म्हणत, “तीस वर्षं मी झोपवलं म्हणून ह्यांना कापता आलं. नाही तर पेशंट उठून पळाले असते.”

तळघरात काकांनी एक कपाट करून घेतले होते: उथळ कप्पे, हिरवे मखमली कापड, प्रत्येक नाण्याखाली टाइप केलेली चिठ्ठी. त्यातली अकरा माझ्या अभ्यासाच्या काळातली होती. एक तर अपूर्व. दोन्ही घाव नेमके जुळलेले, सम्राटाचा चेहरा दाढीपासून मुकुटापर्यंत पूर्ण, एकाच नाकाचा. काका ते नाणे तळहातावर घेत तेव्हा त्यांचा हात खरोखर सर्जनचा वाटे.

मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. इंग्रजीतच विचारला, कारण तो कामाचा प्रश्न होता: ही नाणी कधी साफ केली आहेत का?

“नेव्हर,” काका म्हणाले. “अगं, मी ब्रशसुद्धा लावू देत नाही. डीलर लोक अॅसिडमध्ये बुडवतात, त्यांना तर फाशी द्यायला हवी. ही मी घेतली ती जशीच्या तशी.”

“नक्की?”

“शपथेवर. आणि माझी अट ऐक. कापायचं नाही, भोक पाडायचं नाही, ओरखडा काढायचा नाही. तुझ्या त्या मशीनमध्ये ठेवायचं, एक्स-रे काढायचा, परत आणायचं. आणि दिवाळीच्या आधी सगळी परत हवीत हं. काकूला लागतात.”

काकूंना पाहुण्यांना दाखवायला लागत असतील, असे मी गृहीत धरले. परतीच्या गाडीत नाण्यांचा डबा मांडीवर घट्ट धरून बसले. काकूंनी वर बेसनाचे लाडूही बांधून दिले होते.

अकराच्या अकरा नाण्यांवर पारा निघाला. प्रत्येकावर खोलगट बाजूला, आणि प्रत्येकावर सम्राटाच्या आकृतीच्या खाचांमध्ये सर्वात जास्त. चांदीही पृष्ठावर अपेक्षेपेक्षा वर होती, दोन्ही बाजूंना. सर्वात जास्त पारा त्या देखण्या नाण्यावर. पाऱ्याबरोबर थोडा गंधकही दिसे. जमिनीत पडून असलेल्या तांब्यावर गंधक असतोच, असे म्हणून मी त्याच्याकडे फारसे पाहिले नाही.

माझे गाइड खुर्चीत पुढे सरकून बसले, ही त्यांच्या उत्साहाची परिसीमा. “लिही,” ते म्हणाले.

माझ्या समितीवर इतिहासाचे एक वयस्कर प्राध्यापक होते. नाण्यांचा काळ त्यांचा, यंत्र माझे, अशी त्यांच्या मते आमची वाटणी होती. त्यांनी आलेखांकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले की टांकसाळीने सम्राटावर मुलामा चढवला आणि ख्रिस्ताला तसाच ठेवला, असे तुझे म्हणणे आहे का? माझ्याकडे उत्तर तयार होते. मुलामा दोन्ही बाजूंना होता. नाणे टेबलावर, थैलीत, बोटांत घासले जाते ते फुगीर बाजूने, म्हणून पारा असलेला थर तिथून झिजला आणि खोलगट बाजूला, खाचांमध्ये, टिकला. उत्तर चांगले होते. आजही मला ते चांगलेच वाटते. प्राध्यापकांनी चष्मा काढला.

“एक कापा,” ते म्हणाले.

पुढचे सहा आठवडे मी या दोन शब्दांच्या विरोधात घालवले. कापायला नाणे नव्हते. काकांना फोन केला की ते मोठ्याने हसत. “कापायचं तर मला काप, माझी काही मार्केट व्हॅल्यू नाही.” मी त्यांना समजावले की छेद फक्त काही मिलिमीटरचा लागतो. ते म्हणाले, पेशंटला मीही असंच सांगायचो. संग्रहालयाला मी दुसरे पत्र लिहिले. त्यांनी पहिल्याच पत्राचे उत्तर पुन्हा पाठवले. व्यापाऱ्यांच्या नाण्यांवर पारा अजिबात नव्हता, पण ती घासलेली होती, म्हणून त्यांच्यावर नसणे हा माझ्या विरोधातला पुरावा नव्हता, आणि बाजूने तर नव्हताच. प्राध्यापक मला जिन्यात भेटत आणि मान हलवून पुढे जात. परिषदेसाठी गोषवारा पाठवण्याची मुदत आली. ‘सुचवतो’ आणि ‘सिद्ध करतो’ या दोन क्रियापदांमध्ये मी आणि गाइड दीड तास अडकलो, शेवटी ‘दर्शवतो’ लिहून गोषवारा पाठवला.

दिवाळी जवळ आली, तसा काकांचा फोन आला. “वेफर्स घेऊन ये. रविवारी लक्ष्मीपूजन. बाराच्या गाडीने ये, जेवायलाच ये, मी स्टेशनवर घ्यायला येतो.”

मला राग आला होता. सोमवारी यंत्राची वेळ मी महिनाभर आधी मागून घेतली होती आणि आता ठेवायला नाणी नसणार होती. एका कौटुंबिक समारंभासाठी माझे वेळापत्रक मोडत होते. पण नाणी त्यांची होती, म्हणून गेले.

पोहोचले तेव्हा काका दिवाणखान्यात फुटबॉल लावून बसले होते. काकूंनी माझ्या हातातून डबा घेतला, “आलीस? बरं झालं, तुझीच वाट बघत होते,” असे म्हणत सरळ ओट्याकडे गेल्या. सिंकशेजारी स्टीलच्या वाडग्यात चिंचेचा कोळ होता, बाजूला मिठाची बशी. समया, ताम्हन, तांब्याचा गडू आधीच घासून पालथे घातलेले होते. काकूंनी डबा उघडला आणि माझी अकरा नाणी कोळात सोडली.

त्यांनी देखणे नाणे उचलले, अंगठ्याने त्यावर मीठ घेतले आणि सम्राटाचा चेहरा चोळू लागल्या.

“काकू. काकू, हे काय करताय?”

“काय म्हणजे? आंघोळ घालतेय. आता पंचामृत, मग पाटावर.”

“दर वर्षी?”

“दर वर्षी. ह्यांनी पहिलं नाणं घेतलं ना, तेव्हापासून. घरातलं सगळ्यात जुनं धन आहे, लक्ष्मीपुढे ते नको?”

मी दिवाणखान्याकडे वळले. “काका, तुम्ही म्हणालात, कधीच साफ केली नाहीत!”

“नाहीच केली!” काका टीव्हीवरून नजर न काढता म्हणाले.

“अहो, चिंच लावतायत काकू!”

“ती पूजा आहे गं. क्लीनिंग वेगळं.”

“काका, तांब्याला काय कळतं पूजा आहे की क्लीनिंग ते?”

आता ते उठून दारात आले. चिंचेतली आम्ले तांबे विरघळवतात आणि चांदीला फारसे शिवत नाहीत. वर्षानुवर्षे हेच केले तर पृष्ठावर तांबे कमी आणि चांदी जास्त दिसू लागते. हे मी त्यांना सिंकजवळ उभ्याने सांगितले, परीक्षेत सांगावे तसे. दोघेही डॉक्टर, दोघांनाही लगेच समजले. काकूंचा अंगठा थांबला.

“पण पारा?” मी स्वतःशीच म्हणाले. “चिंचेत पारा नसतो.”

तेव्हा मला पाट दिसला. स्वयंपाकघरातून देवघराच्या कोनाड्याकडे सरळ दिसे. पाटावर तांदळाची रास होती, आणि राशीवर नाणी ठेवण्यासाठी अकरा खळगे बोटाने करून ठेवलेले होते. शेजारी चांदीचा करंडा, उघडा, कुंकवाने भरलेला.

“काकू, नाणी पाटावर कशी ठेवता? कोणती बाजू वर?”

“खोलगट वर. दुसरी वर ठेवली तर हळदकुंकू घरंगळतं. ही म्हणजे एवढ्याशा वाट्याच आहेत बघ, मस्त राहतं त्यांच्यात. आणि आत राजा आहे ना, राजाला कुंकू लावलेलं बरं. येशूला कसं लावणार? त्याला चालतं की नाही, कोणाला माहीत!”

काकांना हसू आले आणि माझ्याकडे पाहून त्यांनी ते आवरले.

“हे कुंकू कुठलं?”

“माझी बहीण पाठवते. खरं जुन्या पद्धतीचं, हिंगुळाचं. वर्षभर राहिलं तरी रंग फिका पडत नाही.”

हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. तो गंधकही मला दोन महिने तिथेच दिसत होता. सम्राटाच्या खाचांमध्ये, जिथे झिजेपासून मुलामा टिकला असे मी लिहिले होते, तिथे काकूंच्या बोटाचा दाब सर्वात कमी पोहोचत होता आणि मागच्या दिवाळीचे कुंकू टिकत होते.

“तुझ्या लक्षात नाही आलं?” काकूंनी विचारले. स्वरात दोष नव्हता, निव्वळ आश्चर्य होते. “म्हणजे, आपल्याकडे तर सगळीकडेच करतात. आईकडे बघितलं असशील की.”

आपल्याकडे. हा शब्द त्या घरात मी दोन महिने ऐकत होते आणि दर वेळी पुढे जाऊ देत होते. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, त्या आठवड्यात घरातला देव्हारा उतरला. आमच्या घरी तांबे घासले जाई ते पिण्याच्या पाण्याचे. आई कपाळाला बाजारात मिळणारी टिकली लावे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी शेजारच्या घरांत काय चालते हे मला खिडकीतून जेवढे दिसे तेवढेच माहीत. पाटावर नाण्याची कोणती बाजू वर असते, हे खिडकीतून दिसत नाही.

“आमच्याकडे लक्ष्मीपूजन नसतं, काकू,” मी म्हणाले. “आम्ही बौद्ध.”

नळ चालू होता. काकूंनी तो बंद केला.

“मग आधी सांगायचं नाही का गं?”

“काय सांगायचं? तुम्ही विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आणि मी तरी काय विचारणार होते, काकू, नाण्यांना कुंकू लावता का?”

“तसं नाही,” काकू म्हणाल्या. त्यांनी हात पुसले. “देवाचा प्रसादसुद्धा मी तुला डब्यात घालून दिला. लाडू. तू काही बोलली नाहीस.”

“खाल्ले की. चांगले होते.”

काका खाकरले. “नागपूर म्हटल्यावर मी संत्र्याच्या पुढे गेलोच नाही,” ते म्हणाले. विनोद पडला, आणि तो पडला हे त्यांनाही कळले. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. मी बसले नाही. मला त्या क्षणी कोणाची दिलगिरी नको होती. माझा गोषवारा परिषदेच्या कचेरीत जाऊन पडला होता, आणि त्यात ‘दर्शवतो’ असे लिहिले होते.

काकूंचे लक्ष तोवर करंड्याकडे गेले होते. “थांब. मर्क्युरी? मी रोज कपाळाला लावतेय ते?” त्यांनी करंड्याचे झाकण लावले, मग पुन्हा उघडून नाकाशी नेले, मग घाईने दूर धरले. “अहो, आणि तुम्ही डॉक्टर! तीस वर्षांत एकदा तरी बोललात?”

“तू पण डॉक्टरच आहेस ना!”

“मी भूल द्यायचे. कुंकवाचं माझ्या पोर्टफोलिओत नव्हतं!”

त्यांनी मला चमचाभर कुंकू बाटलीत घालून दिले. मी तेव्हाच नाणे मागितले. कापायला. कुंकवाखाली खरा मुलामा नसेलच असे नव्हते. असलाच तर छेदात दिसला असता, आणि नसला तर तेही. काकांनी मान हलवली. आज पूजा मांडली आहे, आज हा शब्द घरात नको. मग त्यांनी तडजोड म्हणून सर्वात फाटके, दीड नाकाचे नाणे देऊ केले. मी ते नको म्हणाले. त्यावर पारा सर्वात कमी होता. त्याच्या छेदात काही दिसले नसते तर प्राध्यापक म्हणाले असते की चुकीचे कापले. मला देखणे हवे होते.

“ते नाही,” काका म्हणाले. प्रथमच त्यांचा आवाज विनोदाशिवाय आला. “ते मी देणार नाही. ते पहिलं आहे. रेसिडेन्सीच्या पगारातून घेतलेलं.”

मी समजून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हते. समजत होते, तरी नव्हते. पूजेपर्यंत थांबले, कारण जेवल्याशिवाय निघणे काकूंनी अशक्य करून ठेवले होते. नाणी पाटावर गेली, खोलगट बाजू वर, हळद आणि अक्षता घालून. करंडा मात्र काकूंनी उचलून कपाटात ठेवला होता. आरतीला मी मागे उभी राहिले. कोणी मला पुढे ये म्हटले नाही. दोन महिने ते दोघे ‘ये, ये’ म्हणत होते, आणि आता, बहुधा अदब म्हणूनच, म्हणाले नाहीत. त्यातले काय जास्त टोचले ते मला अजून ठरवता आलेले नाही.

पुढच्या आठवड्यात कुंकू यंत्रात ठेवले. पारा आणि गंधक, दोन्ही भरपूर. मग चिंच आणली, व्यापाऱ्याच्या पुडक्यातली तीन नाणी मोजून घेतली, मिठाने आणि कोळाने घासली, पुन्हा मोजली, पुन्हा घासली. दर फेरीला पृष्ठावरची चांदी थोडी वर सरकली. गाइड म्हणाले, पारा काढून टाक, चांदीवर पेपर कर. मी आलेख त्यांच्यापुढे ठेवला: चांदीही चिंचेनेच वर आली असणार. ते म्हणाले की तुझी पद्धत उत्कृष्ट आहे. निष्कर्ष नसलेल्या विद्यार्थ्याला जे म्हणतात ते.

एकच गोष्ट उरली होती. मी काकांना फोन केला नाही. काकूंनी मला केला.

“ये उद्या. मी बोलले ह्यांच्याशी.”

काय बोलल्या ते काकांनी गाडीत सांगितले, रस्त्यावर नजर ठेवून. “म्हणाली, जन्मभर तुम्ही बायॉप्सीशिवाय कोणाला टेबलावर घेतलं नाहीत, आणि त्या पोरीला रिपोर्टशिवाय परत पाठवता. आता ह्यावर काय बोलणार?” घरी त्यांनी देखणे नाणे टिश्यूत गुंडाळून डबीत घातले. “अर्ध्याहून जास्त परत आण,” म्हणाले. “आणि सम्राटाचा चेहरा वाचत असेल तर वाचव.”

चेहरा वाचवता आला नाही. पारा चेहऱ्याच्या खाचांत होता, म्हणून छेद तिथूनच घ्यावा लागला. हिऱ्याच्या पात्याने मुकुटापासून हनुवटीपर्यंत कापले, तुकडा राळेत बसवला, आरशासारखा घासला आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. इतिहासाचे प्राध्यापक शेजारी येऊन उभे राहिले. मीच बोलावले होते. वर कुंकवाचे लाल कण, सुटे, गंजाच्या भेगांत अडकलेले. त्यांच्याखाली काही मायक्रॉनचा, चांदी किंचित जास्त असलेला थर. त्याखाली तांबे. थरात पारा नाही, तांब्यात पारा नाही.

“तो थर?” प्राध्यापकांनी विचारले.

“चिंच,” मी म्हणाले. “किंवा टांकसाळ. किंवा जमीन. सांगता येणार नाही. घासण्याआधीचं नाणं आता मिळणार नाही.”

“मग हेच लिहा,” ते म्हणाले. कदाचित त्यांना सांत्वन करायचे असेल. सांगता येणार नाही, एवढे एक वाक्य लिहायला परिषद कोणाला व्यासपीठ देत नाही. मी त्याच दुपारी गोषवारा मागे घेतला. फोनवरच्या बाईने कारण विचारले, मी ‘नमुन्यांचे प्रदूषण’ म्हणाले, आणि ते म्हणताना काकूंचे स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आले आणि मला त्या शब्दाचाही राग आला. गाइडनी पात्यांच्या गटातले टेबल दाखवले, खिडकीजवळचे. कपाटाच्या किल्ल्या सोमवारपासून.

संध्याकाळी प्रयोगशाळेत काकांचा फोन. “रिपोर्ट?”

“पारा वरचाच, काका. आत काही नाही.”

“म्हणजे तुझं काम…”

“नाही होणार.”

तिकडे मागून काकूंचा आवाज आला, “विचारा, जेवली का.” काकांनी विचारले नाही. “आता ते खंडित झालं,” ते म्हणाले. “पूजेत नाही ठेवायची ही. पण चिठ्ठी बदलायला हवी. वजन लिहिलेलं असतं त्यावर, २.५४ ग्रॅम. उरलंय किती, बघतेस?”

मी फोन टेबलावर ठेवला, उरलेला तुकडा चिमट्याने तराजूवर ठेवला, काचेचे दार लावून आकडा स्थिर होण्याची वाट पाहिली, आणि त्यांना सांगण्याआधी सवयीप्रमाणे तो लिहून घेतला: १.३८ ग्रॅम.